बांबेर्ग की व्युर्त्सबुर्ग? आधी तारीख सांगा

ऑगस्ट संपत आला की आमच्या घरी फोन सुरू होतात. आम्ही राहतो एर्लांगनला, न्यूर्नबेर्गच्या शेजारी. म्युनिकच्या मित्रांना ऑक्टोबरफेस्टच्या गर्दीचा वीट आलेला असतो, पुण्याचे नातेवाईक दिवाळीच्या सुट्टीत येणार असतात. मागणी सगळ्यांची एकच: जुनं गाव, पानगळ आणि अस्सल जर्मन खाणंपिणं. आणि वेळ? एक शनिवार-रविवार. मग मी दोनच गोष्टी विचारते. तारीख काय आणि बरोबर कोण आहे?

कारण खरी निवड बांबेर्ग आणि व्युर्त्सबुर्ग यांच्यातच आहे. दोन्ही फ्रांकनमधली. हा भाग नकाशावर बव्हेरियात येतो, पण इथल्या माणसाला बव्हेरियन म्हणू नका. वऱ्हाडातल्या माणसाला पुण्याकडचा समजल्यावर तो जसा बघतो तसा बघेल. न्यूर्नबेर्गहून साध्या रीजनल गाडीने बांबेर्ग पाऊण तासाच्या आसपास, व्युर्त्सबुर्ग तासापेक्षा थोडं जास्त. एकातून दुसऱ्यात जायलाही साधारण तासच. बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाभरच्या रीजनल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट, काढलंत तर दिवसभर चालतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी नाही.

सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य अशी तारीख असेल तर मी डोळे मिटून व्युर्त्सबुर्ग सांगते, आणि त्याचं कारण फेडरवायसर. द्राक्षांचा रस आंबायला लागलाय पण अजून वाइन झालेली नाही, अशा अवस्थेतलं हे पेय. गढूळ, पिवळसर, जिभेवर चुरचुरणारं. इथले जुने लोक त्याला ब्रेम्सर म्हणतात. समजावून सांगायची मला एकच रीत सापडली आहे: पहाटेची नीरा आणि संध्याकाळची ताडी यांच्या मधलं काहीतरी. आज गोड लागेल, दोन दिवसांनी तीच बाटली आंबट आणि कडक. चव सरबताची असल्यामुळे दुसरा ग्लास कधी संपला ते कळत नाही, तिसरा मात्र उठताना कळतो. यीस्ट जिवंत असतं, तेव्हा पोटही जपा.

बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, कारण आतला वायू बाहेर पडायला हवा. हे मला माहीत होतं. तरी पहिल्या वर्षी मी ती सॅकमध्ये आडवी ठेवली. किट्सिंगन यायच्या आत माझं जर्कीन, नवऱ्याचं पुस्तक आणि समोरच्या आजोबांचा बूट, तिन्ही ओले. आजोबा रागावले नाहीत. वाकून वास घेतला आणि म्हणाले, यंदाचा चांगला दिसतोय.

फेडरवायसरबरोबर खायचा तो त्स्वीबेलकूखन. नावात केक असला तरी हा कांद्याचा तिखटामिठाचा ‘पाय’ (pie): खाली पावाचं पीठ, वर मऊ होईस्तोवर परतलेला ढीगभर कांदा, अंडं, सावर क्रीम आणि शहाजिरं. बहुतेक ठिकाणी त्यात बेकनचे तुकडे असतात, म्हणून शाकाहारी माणसाने ‘ओने श्पेक’ हे दोन शब्द पाठ करून जावं.

व्युर्त्सबुर्गची मजा मात्र टेबलावर नाही, पुलावर आहे. जुन्या माइन पुलाच्या तोंडाशी वाइन मिळते. ग्लासची अनामत भरायची, ग्लास घ्यायचा आणि संतांच्या पुतळ्यांमध्ये कठड्याला टेकून उभं राहायचं. समोर टेकडीवर मारिएनबेर्गचा किल्ला, खाली नदी, बाजूच्या उतारावर पिवळे पडलेले द्राक्षमळे. प्यायची ती सिल्व्हानर, इथली पांढरी वाइन, कोरडी, जरा मातकट. हिची बाटलीही वेगळीच, चपटी आणि गोल, बॉक्सबॉयटेल नावाची. पाचच्या सुमाराला उन्हं तिरपी झाली की पुलावर पाय ठेवायला जागा नसते, आणि तरी कुणी कुणाला ढकलत नाही.

याच पुलावर संत किलियान उभा आहे. माइन नदीतले छोटे मासे पिठात घोळवून अख्खे तळतात, त्यांना मेफिशली म्हणतात. मासा किलियानच्या करंगळीपेक्षा लांब नसावा, असा इथला दंडक. आमच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने एक उचलून डोक्यापासून शेपटीपर्यंत कुरकुर चावून खाल्ला आणि निकाल दिला: मांदेली आहे, मीठ कमी आहे. बरोबरच होतं.

पण जुनं गाव म्हणाल तर इथे एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. १६ मार्च १९४५ च्या रात्री वीसेक मिनिटांच्या बॉम्बहल्ल्यात हे शहर जवळजवळ सगळं जळालं. आज दिसतं त्यातलं बरंचसं पुन्हा बांधलेलं आहे. वाचलं त्यातलं सर्वात मोठं म्हणजे रेसिडेन्स राजवाड्याचा जिना. वास्तुकार बाल्टासार नॉयमानने मधे एकही खांब न देता घातलेलं ते छत टिकलं, आणि त्यावरचं इटालियन चित्रकार टिएपोलोचं १७५२-५३ मधलं चित्रही. चार खंड रंगवलेत, आशियाच्या बाजूला हत्ती शोधा. हा राजवाडा १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दुसरी आवडती जागा म्हणजे बुर्गरश्पिटाल आणि युलिउसश्पिटाल. पहिलं चौदाव्या शतकातलं, दुसरं १५७६ चं. मूळ धर्मादाय संस्था, पण स्वतःचे द्राक्षमळे असलेल्या, आणि त्या मळ्यांच्या उत्पन्नावर म्हाताऱ्या-आजाऱ्यांची सोय. तळघरात दारू आणि वर दवाखाना, हे आपल्याकडच्या ट्रस्टींना सांगून बघा.

आता तारीख ऑक्टोबरच्या उत्तरार्धातली किंवा नोव्हेंबरातली असेल तर माझं उत्तर बदलतं. थंड वारा सुटतो, नोव्हेंबरात तर चार-पाचलाच अंधारायला लागतं, पुलावर उभं राहणं नको होतं. अशा वेळी बांबेर्ग. तिथे उभं राहायचं नसतं, बसायचं असतं.

डोमिनिकानरश्ट्रासेवर श्लेंकेर्लाचं जुनं लाकडी दार ढकललं की पहिल्यांदा वास येतो. काळपट तुळया, लांबलचक टेबलं आणि कालच्या चुलीसारखा धूर. बिअर येते ती जवळजवळ काळी, लाकडी पिंपातून काढलेली, आणि ओठाला लावली की थेट धुरी दिलेल्या मांसाची आठवण. ही राउखबिअर. पहिला घोट बहुतेकांना आवडत नाही. तिसऱ्या ग्लासला चव कळते असं इथले लोक म्हणतात, आणि चुलीवर धूर लागलेलं दूध आजोळी प्यायलेल्याला दुसऱ्यालाच कळते असं मी म्हणते.

धूर काही वरून घातलेला नाही. पूर्वी माल्ट उघड्या आगीवरच वाळवत, त्यामुळे बिअर धुरकट असणं सरसकट होतं. पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या आणि जवळपास सगळीकडचा धूर गेला. बांबेर्गमध्ये श्लेंकेर्ला आणि श्पेत्स्याल या दोन ठिकाणी मात्र अजून स्वतःचं माल्ट बीच झाडाच्या लाकडावर धुरावतात. पाहुणे बिचकणारे असतील तर मी आधी श्पेत्स्यालला नेते, तिथला धूर हलका आहे. त्याच्या समोरच फेस्ला, तिथे साधी बिअर मिळते. म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन पिढ्यांचं भांडण मिटतं.

अर्धा लिटर मागायचा तर ‘साय्डला’ म्हणा, वाढणाऱ्या बाई जरा मऊ होतात. बिअर आली की त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतात. बिल त्या रेघा मोजून. चकतीशी खेळत ती फाडू नका, तो तुमचा हिशेब आहे. टेबल रिकामं मिळेल अशी आशा धरू नका. ‘इथे जागा आहे का’ विचारायचं आणि अनोळखी माणसांशेजारी बसायचं. फक्त ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेल्या टेबलाला हात लावू नका, ते रोजच्या मंडळींचं. आणि ऑक्टोबरपासून इथल्या एकेका ब्रुअरीत बॉकबिअरचं, म्हणजे कडक बिअरचं, पिंप फुटायला लागतं. श्लेंकेर्लाची उरबॉक साडेसहा टक्क्यांची. एक पुरे.

खाण्यात बांबेर्ग जड आहे. शॉयफेर्ला म्हणजे डुकराच्या खांद्याचा तुकडा, वरची कातडी भाजून पापडासारखी कुरकुरीत, बरोबर बटाट्याचा मुठीएवढा गोळा. दुसरा पदार्थ भरलेला कांदा: एक मोठा कांदा पोखरून आत खिमा, वर बेकन आणि राउखबिअरचा रस्सा. भरल्या कांद्याची ही जर्मन मावशी. कांदा इथे उगाच आलेला नाही. गावाच्या मधोमध शतकानुशतकं भाजीवाल्या माळ्यांची वस्ती आहे, घरांच्या मागे लांब पट्ट्यांची शेतं, आणि ती १९९३ पासून जुन्या शहराबरोबर जागतिक वारशात गणली जाते. कांद्याची पात तुडवून कांदा पोसायचा त्यांचा रिवाज, म्हणून बांबेर्गकरांना ‘कांदे तुडवणारे’ हे टोपणनाव. लासलगावकरांनी इथे यावंच.

मासे खाणाऱ्यांनी कार्प मागवावा. ज्या महिन्याच्या नावात ‘र’ आहे, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, त्यातच तो मिळतो. उभा अर्धा चिरून तळतात, शेपटी वळलेली, पर चिप्ससारखे कुरकुरीत. काटे मात्र बेचकीसारखे दुहेरी आहेत. कोकणातल्या माणसाला दहा मिनिटं, घाटावरच्याला पाऊण तास.

गाव म्हणून बांबेर्ग नि:संशय वरचढ. युद्धात ते बऱ्याच अंशी वाचलं, त्यामुळे गल्ली वळली की पुढचं घरही जुनंच निघतं. नदीच्या मधोमध पुलावर बसलेलं जुनं नगरभवन, वर टेकडीवर १०१२ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या कॅथेड्रलची जागा. पण ही टेकडी आणि खालचे गोटे गुडघ्याचा हिशेब घेतात. आई-बाबा बरोबर असतील तर व्युर्त्सबुर्ग सोपं: स्टेशनपासून ट्राम, मधला भाग सपाट, किल्ला लांबूनच छान दिसतो.

शाकाहारी कुणी असेल तरी माझं मत व्युर्त्सबुर्गकडे झुकतं. बांबेर्गमध्ये उपाशी राहणार नाही. अळंबीच्या क्रीमबरोबर पावाचे गोळे, भोपळ्याचं सूप, चीज-कांद्याचं गेरुप्फ्टर मिळतं. पण ‘क्लोस मिट सोस’ मागवताना सावध. गोळा बटाट्याचा असतो, त्यावरचा रस्सा मांसाचा. माझ्या जावेने अर्धा खाल्ल्यावर विचारलं, आणि चूक माझीच होती, मीच मागवला होता.

तटबंदीच्या रोथेनबुर्ग गावाचं काय, हे विचारणारा एक तरी असतोच. तटबंदीवरून चालायला जा, संध्याकाळच्या पहारेकऱ्याबरोबर फेरी मारा. खाण्यासाठी नको. तिथला प्रसिद्ध श्नेबाल म्हणजे शंकरपाळ्याच्या पिठाच्या पट्ट्या गोळा करून तळल्या आणि वर साखर भुरभुरली. दिवाळीच्या तोंडावर तेवढ्यासाठी प्रवास कशाला?

दोन्हीकडे खिशात थोडी रोकड ठेवा. रविवारी दुकानं बंद, ३ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरलाही बंद. खानावळी उघड्या असतात, पण त्या दिवशी टेबल आधी सांगून ठेवा.

आणि तुमची तारीख नेमकी ऑक्टोबरच्या मध्यावर पडली तर दोन्ही करा. शनिवारी व्युर्त्सबुर्ग, संध्याकाळच्या गाडीने बांबेर्ग, मुक्काम तिथे. हा क्रम उलटवू नका. मी एकदा उलटवला होता: आदल्या रात्रीच्या राउखबिअरनंतर पुलावरची उत्तम सिल्व्हानर मला पाण्यासारखी लागली, आणि ग्लासची अनामत परत घेताना त्या बाईंनी विचारलं, आवडली नाही का?