तीन महिने क्लासिक रॉक चॅनल ऐकून कान किटले

आधी निकाल सांगते, कारणं मागून. एका म्युझिक ॲपचं क्लासिक रॉक, म्हणजे जुन्या इंग्लिश रॉक गाण्यांचं, चॅनल तीन महिने पैसे भरून ऐकलं आणि आता चौथ्या महिन्याचे भरणार नाहीये. पाचपैकी दोन स्टार, ते पण फक्त रविवारच्या एका तासासाठी, त्याबद्दल पुढे लिहिलंय. ॲपचं नाव देत नाही कारण याआधी दुसऱ्या एका ॲपवर पण अगदी हेच झालेलं, माझं भांडण कुठल्या एका कंपनीशी नाही, ही गाणी ज्या पद्धतीने लावतात त्या पद्धतीशी आहे.

चॅनल कशाला घेतेस, गाणी आपली आपण निवडून लावता येतात की, असं नवरा पण म्हणाला होता. त्याला म्हटलं तू घरून काम करतोस, तू एकदा सकाळी आठच्या सुमाराला बोरिवलीहून चर्चगेट फास्ट पकडून बघ. एकदा आत ढकललो गेलो की एक हात वरच्या कडीला, दुसरा पुढे घेतलेल्या सॅकवर, आणि फोन सॅकच्या आतल्या कप्प्यात, तो थेट चर्चगेटलाच बाहेर येतो. मधे गाणं बदलायचं म्हटलं तरी हात खाली आणता येत नाही. म्हणून मला कोणीतरी विचार करून माझ्यासाठी गाणी लावलेली हवी होती. ज्याला या संगीताची माहिती आहे असा माणूस एकामागून एक लावत जाईल आणि मी पन्नास-पंचावन्न मिनिटं ऐकत जाईन, याचेच तर महिना ९९ रुपये द्यायचे होते ना.

पहिला आठवडा खरंच मस्त गेला, खोटं कशाला बोलू. आवाज स्वच्छ, जाहिराती नाहीत, अंधेरी-बांद्र्याच्या मधे नेट गेलं तरी गाणं अडकत नाही. हॉटेल कॅलिफोर्निया लागलं, स्टेअरवे टू हेवन लागलं, स्मोक ऑन द वॉटर, स्वीट चाइल्ड ओ माइन, समर ऑफ सिक्स्टी नाइन. आमच्या लहानपणी मुंबईत रेडिओवर इंग्लिश रॉक म्हणजे कधीतरी मिळणारी गोष्ट होती, एखादा तास लागायचा तर आम्ही बहीण-भाऊ कॅसेटचं रेकॉर्डचं बटण दाबायला टपून बसायचो, त्यामुळे दिवसभर चोवीस तास हेच वाजतंय याचंच अप्रूप वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात परत तीच. तिसऱ्या आठवड्यात मी ऑफिसला पोचल्यावर डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला लागले. पाच आठवडे लिहिलं, म्हणजे सकाळच्या पंचवीस फेऱ्या. त्यात हॉटेल कॅलिफोर्निया एकोणीस वेळा. एकोणीस! एकूण वेगळी गाणी मोजली तर पन्नाशी पण गाठली नाही. ईगल्सचं ते एकच, क्वीनची चार, लेड झेपलिनची तीन, डीप पर्पलचं एक. क्वीनचे स्टुडिओ अल्बमच पंधरा आहेत हो.

क्वीनचं तर विशेष वाईट वाटलं. बोहेमियन रॅप्सडीच्या आधी दर वेळी तोच रेकॉर्ड केलेला आवाज येतो की क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शाळेत होता. आपल्याला हे माहीत असतं, आपल्याला त्याचा अभिमानही आहे, पण पाचगणीचं सांगून झालं की परत तेच गाणं. ज्या अल्बमवर ते आहे, १९७५ चा ए नाइट ॲट द ऑपेरा, त्याच अल्बमवर थर्टी नाइन नावाचं गाणं आहे, क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने लिहिलेलं आणि त्यानेच गायलेलं. अंतराळात गेलेली माणसं त्यांच्या हिशोबाने एकच वर्ष राहून परत येतात आणि इथे सगळ्यांचं आयुष्य संपून गेलेलं असतं, अशी ती गोष्ट. लिहिणारा माणूस खगोलशास्त्र शिकत होता, अर्धवट राहिलेली पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. साधी गिटार, लोकगीतासारखी चाल. रात्रीच्या गाडीत बसायला जागा मिळालेली असताना हे ऐकलं तर दहिसरपर्यंत पुढे जाल, उतरायचं लक्षात राहणार नाही. तीन महिन्यांत एकदाही नाही लागलं.

लेड झेपलिनचं आणखी सांगते कारण ते आपल्या गावाशी जोडलेलं आहे. स्टेअरवे ज्या १९७१ च्या चौथ्या अल्बमवर आहे त्यावर एकूण आठ गाणी आहेत. त्यातलं व्हेन द लेव्ही ब्रेक्स ऐका, त्याचे ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याच्या हॉलमध्ये ठेवून वाजवलेत आणि माइक वर जिन्यात लावलेत, तो घुमणारा आवाज तिथून आलाय. आणि त्याच अल्बमवरचं फोर स्टिक्स हे गाणं बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येऊन आपल्या इथल्या वादकांबरोबर परत रेकॉर्ड केलं होतं. चाळीसहून जास्त वर्षं ते पडून होतं, २०१५ मध्ये कोडा या त्यांच्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं, त्यावर कलाकार म्हणून बॉम्बे ऑर्केस्ट्रा असं छापलंय. मुंबईच्या श्रोत्यांसाठी चॅनल चालवता आणि हे तुमच्या यादीत नाही? हे लावून त्याच्या आधी दोन वाक्यं सांगितली असती तर मी डब्यातल्या शेजारणीच्या कानात इअरफोन घालून ऐकवलं असतं.

पण वारंवार लावणं हा अर्धाच गुन्हा. दुसरा माझ्या मते जास्त मोठा, आणि तो मला एका मंगळवारी अंधेरीला कळला. लैला लागलं होतं. डेरेक अँड द डोमिनोजचं, १९७० चं, एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन दोघांच्या गिटारी. ज्यांनी पूर्ण ऐकलंय त्यांना माहितीये, तीन मिनिटं सगळा आरडाओरडा, विनवण्या आणि मग अचानक सगळं शांत होऊन पियानो सुरू होतो आणि पुढची जवळपास चार मिनिटं नुसती वाद्यं, भांडून थकलेल्या माणसाने रडून मोकळं व्हावं तशी. मी त्या पियानोची वाट बघत होते. अंधेरीची गर्दी आत घुसली, कोणाचं तरी कोपर पाठीत, आणि बरोबर पियानो सुरू व्हायच्या जागी गाणं हळू होत गेलं आणि समर ऑफ सिक्स्टी नाइन सुरू. मला त्या गर्दीत एवढा राग आला की बाजूच्या काकूंनी विचारलं, काय झालं गं, लागलं का?

आता पूर्वी हे रेडिओवाले करायचे, लैला सुद्धा १९७१ मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, आलं तेव्हा पियानो कापून तीन मिनिटांच्या आत बसवलं होतं. डोअर्सच्या लाइट माय फायरचं तेच, अल्बमवर सात मिनिटं आणि रेडिओसाठी मधली वाद्यं काढून तीन. त्यांना जाहिराती बसवायच्या होत्या, वेळ विकायचा होता. पण इथे जाहिराती नाहीत, वेळेचं बंधन नाही, मी त्यासाठीच पैसे भरलेत, मग कापता कशाला?

आणि सगळ्यात जास्त मनाला लागलं ते पिंक फ्लॉइडच्या विश यू वेअर हिअरचं. आमच्या दादाने त्याच नावाच्या अल्बमची कॅसेट काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणली होती, दुकान २०१६ ला बंद झालं पण कॅसेट अजून गिरगावच्या घरी आहे. कॅसेट उलटी केली की आधी हॅव अ सिगार. ते संपता संपता भरगच्च आवाज एकदम बारीक होतो, जसा काही शेजारच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरवर वाजतोय. मग कोणीतरी रेडिओचं बटण फिरवतं, खरखर, बोलण्याचा आवाज, क्षणभर चायकोव्हस्कीची सिम्फनी, आणि मग त्या रेडिओतूनच गिटार यायला लागते, पातळ, लांबची. मग एक खोकला ऐकू येतो. आणि दुसरी गिटार सुरू होते, ही मात्र जवळची, जाड, लाकडाचा आवाज येणारी. म्हणजे एक माणूस खोलीत एकटा बसलाय आणि रेडिओवरच्या गिटारीला साथ देतोय. पूर्ण गाणं जो जवळ नाही त्याच्यासाठी आहे आणि हे सगळं पहिल्या मिनिटातच सांगून होतं, एकही शब्द न गाता. दादा शिकायला बाहेरगावी गेला तेव्हा मी ती बाजू किती वेळा लावली असेल देवाला माहीत.

या चॅनलवर हे गाणं थेट शब्दांच्या आधी सुरू होतं. रेडिओ नाही, खोकला नाही, लांबची गिटार नाही. ज्या गाण्यात रेडिओच वाजतोय त्यातला रेडिओ रेडिओ चॅनलनेच कापून टाकला.

कस्टमर केअरला लिहिलं, सविस्तर लिहिलं, डायरीतले आकडे पण दिले. उत्तर आलं, नमस्कार मॅडम, आमची निवड लिसनर डेटावर आधारित असते, श्रोत्यांना आवडणारी गाणी प्राधान्याने लावली जातात. बोलणं सभ्य होतं, उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे डेटाचं प्रकरण मला माहितीये आणि ते नवीन नाही. अमेरिकेत ८० च्या दशकात क्लासिक रॉक नावाचा स्टेशनचा प्रकार सुरू झाला, तिथे लोकांना हॉलमध्ये बसवून शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवायचे आणि मार्क घ्यायचे. काही सेकंदांत मार्क कशाला मिळणार? जे आधीच तोंडपाठ आहे त्याला. अनोळखी गाणं तिथेच बाद. मग जे पास झालं तेच वाजत राहतं, वाजलं म्हणून आणखी ओळखीचं होतं, पुढच्या वेळी परत पास. यादी दर वेळी आटत जाते. आज हॉलच्या जागी स्किपचं बटण आलंय एवढंच, आणि माझ्यासारखीचा हात तर त्या बटणापर्यंत पोचतच नाही, म्हणजे मी एकोणीस वेळा हॉटेल कॅलिफोर्निया निमूट ऐकलं हे त्यांच्या हिशोबात मला आवडलं म्हणूनच धरलं असणार.

मला ते गाणं आवडतं. खरंच आवडतं, शेवटी ईगल्सचे गिटारवादक डॉन फेल्डर आणि जो वॉल्श एकमेकांना उत्तरं देत वाजवतात ती दोन मिनिटं तर माझ्या आयुष्यातल्या सुंदर गोष्टींपैकी आहेत. पुरणपोळी आवडते म्हणून रोज सकाळी डब्यात पुरणपोळी दिली तर महिन्याभरात माणूस विटेल, आणि दोष काही पुरणपोळीचा नसेल. पाचव्या आठवड्यात ते गाणं सुरू झाल्यावर माझ्या पोटात नको नको झालं आणि मला त्याचंच वाईट वाटलं, की हे लोक पैसे घेऊन माझं एक आवडतं गाणं माझ्यापासून तोडतायत.

आता दोन स्टारांबद्दल. रविवारी रात्री ११ ते १२ या चॅनलवर एक बाई बोलतात, रेकॉर्ड केलेल्या जाहिरातीच्या आवाजात नाही, साधं घरात बोलल्यासारखं. त्या दर वेळी एकच अल्बम घेतात आणि त्याची एक अख्खी बाजू न थांबवता लावतात. एकदा डीप पर्पलचा मशीन हेड होता. स्मोक ऑन द वॉटरची ती सुरुवात धोबीतलावच्या दुकानात गिटार बघायला आलेलं प्रत्येक पोरगं वाजवतं, मला वाटायचं यात आता ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांनी आधी सांगितलं की डिसेंबर १९७१ मध्ये हे लोक स्वित्झर्लंडला माँत्रोच्या कॅसिनोत रेकॉर्ड करायला गेले होते, फ्रँक झापा या अमेरिकन रॉक कलाकाराच्या कार्यक्रमात आग लागून कॅसिनो जळाला आणि धूर तळ्यावर पसरला, तोच गाण्यातला धूर, आणि मग बाकीचा अल्बम हिवाळ्यापुरत्या बंद असलेल्या एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून केला. मग बाजू लावली. पहिलंच स्मोक ऑन द वॉटर, पूर्ण, शेवटच्या कीबोर्डसकट, मग लेझी, मग स्पेस ट्रकिन. मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते, फडकं तसंच हातात राहिलं. हजार वेळा ऐकलेलं गाणं नवं लागलं, कारण ते पूर्ण होतं आणि त्याच्या मागे-पुढे त्याची माणसं होती.

त्या रात्री दादाला फोन केला, पावणेबाराला. दादाने मला शाळेत असताना रंगभवनला आय-रॉक या रॉक महोत्सवाला नेलं होतं, आईला न सांगता, तेव्हापासून या विषयावर त्याला केव्हाही उठवायची परवानगी आहे. म्हटलं, दादा, लेझी ऐकतेय. तो म्हणाला, कीबोर्ड येईपर्यंत बोलू नकोस. आणि आम्ही दोघं फोन चालू ठेवून गप्प.

कोणी घ्यावं? घरी पाहुणे येणार आहेत, मागे ओळखीची गाणी हवीत, तर घ्या, त्याला हे उत्तम आहे. या संगीतात नुकतेच शिरलात तरी पहिला महिना छान जाईल. ज्यांना ही गाणी वीस-तीस वर्षांपासून जवळची आहेत त्यांनी मात्र घेऊ नका. मी आता रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे पाच अल्बम ठरवून फोनमध्ये उतरवून ठेवते, बोरिवलीला गाडीत चढायच्या आधी सुरू करते आणि फोन सॅकमध्ये. मेहनत आहे, पण पियानो कापला जात नाही. त्या बाईंचा तास रोज सकाळी आठला लावला तर त्याच दिवशी पैसे भरीन, तसं कस्टमर केअरला लिहून कळवलंय.