मधल्या आसनावरून पाहिलेले तारांगण

धाकट्याच्या जन्मानंतरच्या अडीच वर्षांत आई आणि बाबा दोघेही एकाच वेळी आमच्या मुलीच्या वाट्याला क्वचितच आले होते. एक जण तिच्यापाशी असला की दुसरा बाळापाशी, आणि तिचे बोलणे अर्ध्यावर तोडून "थांब हं जरा, बाळ रडतंय" असे म्हणण्याची आम्हा दोघांनाही सवय जडली होती. म्हणून धाकट्याला आजीजवळ ठेवून एक अख्खा दिवस फक्त तिला द्यायचा असे आम्ही ठरवले. कोठे जायचे हे तिनेच सांगायचे होते, आणि तिने तारांगण निवडले. तारांगण म्हणून ते कसे आहे यापेक्षा अशा दिवसासाठी ते कसे ठरले, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

मनोरंजन उद्यानात मूल पाळण्यात बसते आणि आईवडील कुंपणाबाहेरून हात हलवत उभे राहतात. तारांगणात मात्र तिघेही शेजारी शेजारी, मान मागे टेकवून एकाच गोष्टीकडे पाहत असतात. मोबाइल बंद ठेवावाच लागतो, कारण एका पडद्याच्या उजेडानेही सगळ्यांच्या डोळ्यांपुढचे आकाश फिके पडते. तिने मधले आसन घेतले. दिवे मंदावू लागले तसे तिने एक हात माझ्याकडे आणि दुसरा बाबाकडे सरकवला, आणि पहिली दहा मिनिटे तरी तो काढून घेतला नाही.

येथे दोन प्रकारचे कार्यक्रम होतात: एक ध्वनिमुद्रित निवेदनाचा, आणि दुसरा समोर उभ्या असलेल्या निवेदकाचा, ज्यात मधोमध ठेवलेल्या प्रक्षेपकातून त्या रात्रीचे आकाश दाखवले जाते. या जातीचा पहिला प्रक्षेपक जर्मनीतील झाइस कंपनीने तयार केला आणि १९२३ मध्ये म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये त्याचे प्रात्यक्षिक झाले. नुसत्या डोळ्यांना दिसतील असे सुमारे ४,५०० तारे तो घुमटावर उमटवत असे. शंभर वर्षांनंतरही कल्पना तीच आहे, आणि डिजिटल चलच्चित्रांपेक्षा या बारीक, टोकदार ठिपक्यांचे आकाश मला कितीतरी अधिक खरे वाटले. मुलीने मात्र एक उणीव लगेच हेरली. "आई, हे तारे लुकलुकत का नाहीत?" तिचे कुजबुजणे निवेदकांच्या कानी गेले. त्यांनी तारे दाखवणारा प्रकाशाचा बाण थांबवला आणि तारे स्वतः लुकलुकत नसतात, आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते म्हणून ते तसे दिसतात, आणि या घुमटात मध्ये तेवढी हवाच नाही, असे तिच्या दिशेने वळून सांगितले.

या दिवसाचा सगळा कस त्या एका माणसात होता. सप्तर्षींवरून ध्रुव कसा शोधायचा हे त्यांनी मुलांकडून हवेत बोट फिरवून करून घेतले. मग मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांची रेघ पुढे वाढवत ते व्याध या ताऱ्यापर्यंत आले. चंद्रावरून निघालेला प्रकाश सव्वा सेकंदाच्या आसपास, सूर्यावरून निघालेला आठ मिनिटे वीस सेकंदांत, आणि व्याधावरून निघालेला ८.६ वर्षांनी आपल्यापर्यंत येतो, असे सांगून त्यांनी तिचे वय विचारले. तिला नुकतीच साडेआठ पूर्ण झाली होती. "म्हणजे तुझा जन्म झाला त्या सुमारास निघालेला प्रकाश आता पोहोचतोय," ते म्हणाले. ती बराच वेळ गप्प होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तेव्हा बाळ नव्हतं ना? तेव्हा पण आपण तिघंच होतो."

दुपारचा ध्वनिमुद्रित कार्यक्रमही आम्ही पाहिला, पण तो पाहिला नसता तरी चालले असते. आवाज इतका मोठा होता की तिने कानांवर हात ठेवले, आणि दृश्ये ज्या वेगाने गरगर फिरवली जातात त्याने मलाही भोवळल्यासारखे झाले. अशा वेळी क्षणभर डोळे मिटून घेतले की बरे वाटते. या कार्यक्रमात प्रश्न विचारायला कोणी नसते, आणि आमच्या मुलीला तर प्रश्न विचारण्यासाठीच तो दिवस हवा होता.

व्यवस्थेबद्दल दोन तक्रारी आहेत. निवेदकाच्या कार्यक्रमाची वेळ फलकावर लिहिलेली नव्हती, ती खिडकीवर विचारल्यावरच कळली. शिवाय उशिरा आलेल्यांना कार्यक्रम सुरू झाल्यावरही आत सोडण्यात आले. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि दोनदा उघडलेल्या दाराने ती सगळी तयारी दोनदा वाया घालवली. कार्यक्रम वेळेवर सुरू करून दार बंद ठेवणे एवढे सोपे काम कोणत्याही तारांगणाला जमायला हवे.

जाणाऱ्यांनी मागच्या ओळीतील आसने घ्यावीत, तेथून अधिक आकाश एका नजरेत मावते. मूल अंधाराला घाबरणारे असेल तर दाराजवळ बसावे आणि दिवे हळूहळू मालवले जातील हे त्याला आधीच सांगून ठेवावे. मुख्य म्हणजे त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये. आम्ही नंतर खरेदीला जाणार होतो, पण बाहेरच्या पायरीवर तिने मृगाच्या तीन ताऱ्यांची रेघ बाबाच्या तळहातावर काढायला घेतली आणि तासभर आम्ही तेथेच बसलो. तिचे एकही वाक्य कोणी तोडले नाही.

परतताना, पुढच्या वेळी बाळालाही आणू या का, असे मी विचारले. तिने नीट विचार केला आणि सांगितले, "आणू, पण तो प्रश्न विचारायला लागला की मग. त्याच्या आधी अजून एकदा आपण तिघंच येऊ." त्या एका वेळेसाठी निवेदकांच्या कार्यक्रमाची तीन तिकिटे मी काढून ठेवली आहेत, मागच्या ओळीतली.