विंडोज, मॅक आणि उबुंटू: टीमचा डेव्हलपमेंट सेटअप एकसारखा ठेवायचा तर काय निवडाल?

वागळे इस्टेटमधली किंवा महापेची पाच-सहा जणांची सॉफ्टवेअर टीम घ्या. दोघा-तिघांकडे ८ जीबी रॅमचे विंडोज लॅपटॉप, एखाद्याकडे मॅकबुक आणि सर्व्हर उबुंटूवर. अशा टीमपुढे मुख्यतः तीन पर्याय असतात: मीझसारखा व्हर्जन मॅनेजर (भाषांच्या आणि टूल्सच्या ठरलेल्या आवृत्त्या बसवणारं टूल), सगळं कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम त्याच्या लायब्ररींसकट एका बंदिस्त डब्यात), किंवा निक्स (स्वतःच्या भाषेत सेटअप लिहून घेणारा पॅकेज मॅनेजर). निवड ठरते ती लॅपटॉपच्या रॅमवर आणि पुढे बिघडलं तर निस्तरणार कोण, यावर.

काहीही निवडलं तरी दोन दुखणी सुटत नाहीत, ती आधी मिटवा. पहिलं ओळीच्या शेवटाचं. विंडोजवरचं गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) ऑटो-सीआरएलएफ हे सेटिंग चालू असेल तर फाइल उतरवताना प्रत्येक ओळीला कॅरेज रिटर्न हे जास्तीचं अदृश्य चिन्ह लावतं. ती शेल स्क्रिप्ट लिनक्सवर किंवा कंटेनरमध्ये चालवली की ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडते. रिपॉझिटरीत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाइल ठेवून सगळ्या टेक्स्ट फाइलींना एलएफ (लिनक्सचा ओळीचा शेवट) सक्तीचं करा. प्रत्येकाच्या सेटिंगवर विसंबू नका. दुसरं, फाइलींच्या नावातली लहान-मोठी अक्षरं. विंडोज आणि मॅक मूळ सेटिंगमध्ये ‘यूजर’मधला पहिला यू मोठा की लहान, हे बघत नाहीत, लिनक्स बघतं. म्हणून इम्पोर्ट लॅपटॉपवर चालतो आणि सर्व्हरवर फाइल सापडत नाही. सगळी नावं लहान अक्षरांत, एवढा नियम पुरतो.

विंडोजवर थेट, म्हणजे डब्ल्यूएसएलशिवाय (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) काम करायचं का? मराठी मजकूर हाताळणाऱ्या पायथन प्रोजेक्टसाठी तरी नको. एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) न सांगता फाइल उघडली की सध्या सर्रास वापरात असलेलं पायथन विंडोजवर सिस्टिमचं कोडपेज, म्हणजे विंडोजचं जुनं एन्कोडिंग, धरतं, आणि आपल्याकडे ते बहुधा १२५२ असतं. मराठी फाइली ज्या एन्कोडिंगमध्ये असतात त्या यूटीएफ-८ मधल्या हलन्ताचा शेवटचा बाइट त्या कोडपेजमध्ये नाहीच, त्यामुळे पहिल्याच जोडाक्षराला प्रोग्रॅम कोसळतो. कोसळला तर बरंच म्हणायचं. जोडाक्षर नसलेला मजकूर कित्येकदा मुकाट्याने वाचला जातो आणि डेटाबेसमध्ये कचरा बसतो.

डब्ल्यूएसएल २ घेतलं की विंडोजवालेही लिनक्सवर येतात. मात्र प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये क्लोन करा. सी ड्राइव्हवरच्या फाइली लिनक्समधून वाचणं फार मंद असतं आणि फाइल बदलल्याची सूचनाही पोचत नाही. सेव्ह केलं तरी डेव्ह सर्व्हर (लॅपटॉपवर अ‍ॅप चालवून दाखवणारा) रीलोड होत नाही, त्याचं कारण हे. डब्ल्यूएसएल साधारण निम्मी रॅम घेऊ शकतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर कॉन्फिग फाइलमध्ये ३ जीबीची मर्यादा घाला आणि डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर बदल लागू होत नाही.

यावर मीझ बसवायला काही मिनिटं लागतात. आवृत्ती मात्र पूर्ण लिहा. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठी नुसतं ‘२२’ लिहिलं तर प्रत्येकाला आपापल्या इन्स्टॉलच्या दिवशीची ताजी २२ मिळते. मीझची मर्यादा म्हणजे सिस्टिमच्या लायब्ररी त्याच्या हातात नसतात. इमेज प्रोसेसिंगसारखं नेटिव्ह (त्या त्या सिस्टिमसाठी वेगळं बनणारं) पॅकेज मॅकवर एक लायब्ररी, उबुंटूवर दुसरी मागतं.

पूर्ण कंटेनर हे दुखणं सोडवतो, पण त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. १६ जीबीखाली एडिटर, ब्राउझर आणि तीन कंटेनर एकत्र सुखाने नांदत नाहीत. मॅकवर कंटेनर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात आणि मॅकवरच्या फाइली तिथून वाचणं मंद असतं, म्हणून नोड मॉड्यूल्सचं (नोडच्या पॅकेजेसचं) फोल्डर मॅकवरून जोडू नका, वेगळा व्हॉल्यूम (कंटेनरची स्वतःची साठवण) द्या. मॅकवर बनलेली नेटिव्ह मॉड्यूल्स आत चालणारही नाहीत. इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) फक्त इंटेलसाठी बनलेली असेल तर अ‍ॅपलच्या एम चिपवर ती इम्युलेशनमध्ये, म्हणजे इंटेलची नक्कल करत, रखडत चालते. कंटेनर चालवणारं डॉकर डेस्कटॉप २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या कंपनीला फुकट आहे. यातली एक अट मोडली तरी पैसे भरावे लागतात.

निक्स सगळ्यांत काटेकोर, लायब्ररीसकट सगळं लॉक करतं. विंडोजवर डब्ल्यूएसएलमधूनच चालतं. टीममध्ये निक्सची भाषा नीट येणारा एकच जण असेल तर घेऊ नका. तो नोकरी सोडून ऐरोलीच्या मोठ्या कंपनीत गेला की सेटअपला हात लावायला कोणी उरत नाही.

८ जीबीच्या टीमने विंडोजवर डब्ल्यूएसएल, सगळीकडे मीझ आणि फक्त डेटाबेस कंटेनरमध्ये, असं ठेवावं. सगळे लॅपटॉप १६ जीबीचे असतील आणि नेटिव्ह लायब्ररींचा पसारा असेल तरच पूर्ण कंटेनरकडे जा. पोस्टग्रेस या डेटाबेसची इमेज मात्र सर्व्हरवरच्याच आवृत्तीची आणि डेबियन लिनक्सवर आधारित घ्या. अल्पाइन लिनक्सची लहान इमेज मोहात पाडते, पण तिची लोकेलची (भाषेनुसार क्रम वगैरे लावायची) सोय तोकडी आहे. मराठी नावांची यादी लॅपटॉपवर एका क्रमाने आणि सर्व्हरवर दुसऱ्याच क्रमाने लागू शकते.