पॉपअपची लायब्ररी काढून डायलॉग टॅग लावला : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी एक जुनं अ‍ॅडमिन पॅनेल माझ्याकडे आलं. पॉपअपला एक लायब्ररी (तयार कोडचा संच), अ‍ॅकॉर्डियनला (दाबल्यावर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विभागांना) दुसरी, ओटीपीच्या चौकटींना तिसरी. एकेक काढत गेलो आणि तिथे साधं एचटीएमएल बसवलं.

सगळ्यात जास्त फायदा पॉपअपसाठीच असलेल्या 'डायलॉग' टॅगचा झाला. क्रोममध्ये तो 2014 पासून आहे, पण फायरफॉक्स आणि सफारीत यायला मार्च 2022 उजाडला. म्हणून मीही आधी तो बघून सोडून दिला होता. 'शोमोडल' या जावास्क्रिप्टच्या आदेशाने उघडला की मागचं पान निष्क्रिय होतं, टॅब दाबत राहिलं तरी फोकस मागच्या बटणांवर जात नाही, एस्केपने तो बंद होतो आणि फोकस जिथून निघाला त्याच बटणावर परत येतो. शिवाय तो टॉप लेयरमध्ये, म्हणजे पानावरच्या बाकी सगळ्याच्या वर दिसतो, त्यामुळे झेड-इंडेक्सला (काय कशाच्या वर दिसेल ते ठरवणाऱ्या सीएसएसच्या आकड्याला) 9999 देण्याची मारामारी संपली. हे सगळं आधी आम्ही हाताने लिहीत होतो आणि तरी कीबोर्डवर काम करणाऱ्यांची कुठे ना कुठे अडचण व्हायचीच.

एक चूक मात्र महागात पडली असती. डिलीटच्या पॉपअपमध्ये फॉर्म ठेवला, त्याची मेथड 'डायलॉग' दिली. असा फॉर्म सबमिट केला की सर्व्हरकडे काही जात नाही, फक्त पॉपअप बंद होतो आणि दाबलेल्या बटणाची व्हॅल्यू 'रिटर्नव्हॅल्यू'मध्ये मिळते. 'हो' आलं तर डिलीट, इतका सोपा कोड. टेस्टिंगमध्ये एक रेकॉर्ड उडवलं, दुसऱ्यासाठी तोच पॉपअप उघडला आणि विचार बदलला म्हणून एस्केप दाबलं. दुसरंही उडालं! एस्केपने बंद करताना रिटर्नव्हॅल्यू बदलत नाही, मागच्या वेळचा 'हो' तसाच बसलेला असतो. आता प्रत्येक वेळी उघडण्याआधी ती रिकामी करतो. तुमच्याकडे असा कोड असेल तर आजच तपासा.

दुसरी ठेच सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये लागली. डायलॉगला थेट 'डिस्प्ले: फ्लेक्स' दिलं आणि बंद असलेले सगळे पॉपअप पान उघडताच समोर दिसायला लागले. बंद डायलॉग लपवतो तो ब्राउझरचा स्वतःचा 'डिस्प्ले: नन', आणि आपला नियम त्यावर मात करतो. फ्लेक्स फक्त 'ओपन' अ‍ॅट्रिब्यूट असतानाच लागू होईल असा सिलेक्टर लिहिला की झालं. मागचं पान स्क्रोल होत राहतं, तेही वेगळं थांबवावं लागतं.

अ‍ॅकॉर्डियनचं काम 'डिटेल्स' टॅगवर निभावलं. सगळ्यांना एकच 'नेम' दिलं की एक उघडताना आधीचा आपोआप मिटतो, जावास्क्रिप्टची एक ओळही नाही. ज्या जुन्या ब्राउझरला हे कळत नाही, तिथे फार तर दोन्ही उघडे राहतात.

ओटीपीसाठी 'नंबर' प्रकार आता अजिबात वापरत नाही. त्यात ई हे अक्षर चालतं, कारण घातांकाची संख्या ई वापरून लिहितात (जसं 1e5). साधा टेक्स्ट, त्याला 'इनपुटमोड' न्यूमेरिक, आणि 'ऑटोकम्प्लीट'ला 'वन-टाइम-कोड': आकड्यांचा कीबोर्ड येतो आणि आयफोनवर मेसेजमधला कोड कीबोर्डच्या वर सुचवला जातो. सहा वेगळ्या चौकटींऐवजी एकच चौकट केली, तेव्हा पेस्टच्या तक्रारीही थांबल्या.

चित्रांना 'लोडिंग लेझी' (स्क्रोल करत जवळ गेल्यावरच चित्र लोड करा, ही सूचना) लावलंय, पण पान उघडताच दिसणाऱ्या मोठ्या चित्राला ते लावू नका, उलट उशीर होतो. रुंदी-उंची लिहायला विसरू नका.

टाइप करताना पर्याय सुचवणाऱ्या 'डेटालिस्ट'ने मात्र निराशा केली. सुचवण्यांची यादी प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळी दिसते आणि तिला हवं तसं सजवता येत नाही. दोन महिन्यांत काढून टाकली.

तारखांची लायब्ररी अजून तशीच आहे. आम्हाला एकाच कॅलेंडरवर 'पासून-पर्यंत' निवडता यायला हवं, आणि 'डेट' इनपुट एका वेळी एकच तारीख घेतो.