हीथ्रो ते ऑक्सफर्ड : कोच, रेल्वे की गाडी?

दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऑक्सफर्डमधील दोन विद्यापीठांत, म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठात आणि ऑक्सफर्ड ब्रुक्समध्ये, प्रवेश मिळालेले विद्यार्थी हीथ्रो विमानतळावर उतरतात. विमानाचे तिकीट, व्हिसा, शुल्क, खोली हे सारे मार्गी लागल्यावर शेवटचा पाऊणशे किलोमीटरचा टप्पा मात्र बहुतेकांनी अखेरच्या दिवसापर्यंत ठरवलेला नसतो. मग घाईघाईने मोबाइलवरचा नकाशा पाहिला जातो, त्यात जो मार्ग दहा मिनिटे आधी पोहोचवतो तो निवडला जातो, आणि रात्रभराच्या विमानप्रवासानंतर दोन जड बॅगा सरकत्या जिन्यांवरून ओढताना ती निवड चुकल्याचे लक्षात येते. या टप्प्यासाठी मिनिटांची तुलना सर्वांत कमी उपयोगाची आहे. बॅगा किती आहेत, विमानतळाबाहेर नेमके कधी पडता येईल याची खात्री किती आहे, आणि ऑक्सफर्डमध्ये राहण्याची जागा कोणत्या बाजूला आहे, या तीन प्रश्नांवर उत्तर अवलंबून असते.

पर्याय मुख्यतः तीन आहेत: थेट कोच, म्हणजे लांब पल्ल्याची आरामबस, रेल्वे, तीही दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी, आणि टॅक्सी किंवा आधी ठरवलेली गाडी.

विमानतळाबाहेर पडण्याची वेळ

तिन्ही पर्यायांवर परिणाम करणारी गोष्ट आधी सांगणे आवश्यक आहे. हीथ्रोवर ब्रिटनसह काही मोजक्या देशांच्या पासपोर्टधारकांसाठी इमिग्रेशनचे स्वयंचलित दरवाजे आहेत, परंतु भारतीय पासपोर्टधारकांना ते वापरता येत नाहीत. त्यांना अधिकाऱ्यासमोरच्या रांगेतच उभे राहावे लागते. एकाच वेळी चार-पाच मोठी विमाने उतरली तर ही रांग वीस मिनिटांची आहे की दीड तासाची, हे कोणीही आधी सांगू शकत नाही. त्यानंतर सामानाच्या पट्ट्यावर बॅगांची वाट पाहावी लागते ती वेगळीच. विमान टेकल्यापासून बाहेर येईपर्यंत दोन तास धरून चालणे शहाणपणाचे आहे.

याचा थेट अर्थ असा, की ज्या तिकिटावर एक ठरावीक गाडी आणि एक ठरावीक वेळ बांधलेली आहे ते तिकीट या दिवसासाठी घेऊ नये. ब्रिटिश रेल्वेचे ‘ॲडव्हान्स’ तिकीट स्वस्त असते, पण ते त्या एकाच गाडीपुरते चालते. ती सुटली की त्या तिकिटाची किंमत शून्य. भारतातून निघताना चार पैसे वाचवण्यासाठी ते काढून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो टाळलाच पाहिजे. कोचचे तिकीट ऑनलाइन काढायचे असले तरी विमानाला उशीर झाल्यास पुढच्या कोचमध्ये बसू देतात का, हा नियम आधी वाचून घ्यावा.

पैसे देण्याबाबतही एक तयारी घरूनच करावी लागते. रिझर्व्ह बँकेने २०२० साली लागू केलेल्या नियमांनुसार नव्या भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार आणि स्पर्शविरहित व्यवहार आपोआप सुरू नसतात. ते बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावे लागतात. हे न करता आलेले विद्यार्थी स्टेशनच्या फाटकासमोर कार्ड पुन्हा पुन्हा टेकवत उभे राहतात. दोष यंत्राचा नसतो.

थेट कोच

हीथ्रो आणि ऑक्सफर्ड यांच्यामध्ये ऑक्सफर्ड बस कंपनीची ‘द एअरलाइन’ ही कोचसेवा दिवसाचे चोवीस तास चालते. दिवसा साधारण अर्ध्या तासाला एक कोच मिळतो, रात्री त्या विरळ होतात. प्रवासाला दीड तासाच्या आसपास लागतो. टर्मिनल २ आणि ३ वर उतरलेल्यांना मधल्या सेंट्रल बस स्टेशनपर्यंत चालत जावे लागते. टर्मिनल ५ ला स्वतःचा थांबा आहे. टर्मिनल ४ वर उतरणाऱ्यांनी आधी रेल्वेने टर्मिनल २ व ३ च्या स्थानकावर यावे. टर्मिनलांमधला हा रेल्वेप्रवास मोफत आहे.

कोचचा सर्वांत मोठा गुण म्हणजे बॅग एकदाच उचलावी लागते. ती खालच्या सामानकप्प्यात गेली की ऑक्सफर्डला पोहोचेपर्यंत तिच्याकडे पाहण्याची गरज नसते. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि आईने ऐनवेळी हातात दिलेली पिशवी अशा अवस्थेतल्या माणसाला या एका गोष्टीचे मोल फार असते. शिवाय डोळा लागला तरी गाडी बदलायची राहून जाण्याची भीती नसते.

दुसरा गुण नकाशावर पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. कोच पूर्वेकडून शहरात शिरतो आणि थॉर्नहिल, हेडिंग्टन, ब्रुक्स विद्यापीठ, सेंट क्लेमेंट्स, हाय स्ट्रीटवरील क्वीन्स लेन असे थांबे घेत ग्लॉस्टर ग्रीन या मध्यवर्ती बसस्थानकावर संपतो. ज्यांचे वसतिगृह हेडिंग्टनमध्ये आहे, जे ब्रुक्सचे विद्यार्थी आहेत किंवा ज्यांची प्रयोगशाळा जॉन रॅडक्लिफ वा चर्चिल रुग्णालयाच्या परिसरात आहे, त्यांच्यासाठी कोच जवळजवळ दारात आणून सोडतो. काउली रोड आणि इफ्ली रोडकडे राहणाऱ्यांना सेंट क्लेमेंट्सचा थांबा सोयीचा, तर हाय स्ट्रीटच्या आसपासच्या महाविद्यालयांना क्वीन्स लेनचा. ड्रायव्हरला किंवा वाटेत कोणाला पत्ता विचारताना एक लक्षात ठेवावे, की या भागातल्या मॅग्डालेन अशा लिहिल्या जाणाऱ्या महाविद्यालयाचा उच्चार तिथे ‘मॉडलिन’ असा करतात; लिहिल्याप्रमाणे उच्चारले तर समोरचा क्षणभर गोंधळतो.

उणीव एकच, पण ती खरी आहे. कोच लंडनभोवतीच्या एम २५ या वर्तुळाकार महामार्गाचा पश्चिम भाग आणि पुढे एम ४० वापरतो. एम २५ चा हा तुकडा ब्रिटनमधल्या सर्वाधिक वाहतुकीच्या रस्त्यांपैकी आहे. सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी चारनंतर, विशेषतः शुक्रवारी, तिथे वाहने रांगतात. अपघात झाला तर दीड तासाचे अडीच तास होऊ शकतात. शहरात शिरतानाही हेडिंग्टनच्या उतारापासून सेंट क्लेमेंट्सपर्यंत वेग मंदावतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची आसने धरावीत. एम ४० मोकळा असेल तर स्टोकनचर्चजवळ चिल्टर्न टेकड्यांतून काढलेल्या खडूच्या पांढऱ्या खिंडीतून कोच बाहेर पडतो, समोर ऑक्सफर्डशायरचे मैदान उघडते आणि वर बहुधा लाल घारी घिरट्या घालत असतात. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून आणून इथे पुन्हा वसवलेल्या घारींचा हा वंश आहे. नव्या देशातले पहिले दृश्य म्हणून ते पाहण्यासारखे आहे.

रेल्वे : वाट कोणती, यावर सगळे

हीथ्रोहून ऑक्सफर्डला थेट रेल्वे नाही. ऑक्सफर्ड विमानतळाच्या वायव्येला, तर विमानतळाची रेल्वे लंडनकडे, म्हणजे पूर्वेला जाते. पश्चिमेकडून हीथ्रोला जोडणारा रेल्वेमार्ग अनेक वर्षे प्रस्तावित आहे, पण तो झालेला नाही. त्यामुळे लंडनमध्ये पॅडिंग्टन या रेल्वेस्थानकाला जाऊन तिथून उलट दिशेने ऑक्सफर्ड गाठणे हा चक्क द्राविडी प्राणायाम आहे, तरीही घड्याळाच्या हिशेबात तो कोचच्या बरोबरीने उतरतो, कारण दोन्ही टप्पे वेगवान आहेत.

पॅडिंग्टनपर्यंत जाण्याचे दोन मार्ग आहेत. १९९८ पासून चालणारी हीथ्रो एक्स्प्रेस टर्मिनल २ व ३ पासून पंधरा मिनिटांत पोहोचवते, पण ऐनवेळी काढलेले तिकीट २५ पौंडांच्या आसपास जाते. मे २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन हेच अंतर अर्ध्या तासात आणि बऱ्याच कमी भाड्यात कापते. वाचलेल्या पंधरा मिनिटांसाठी विद्यार्थ्याने एवढे जास्त पैसे द्यावेत असे मला वाटत नाही. फक्त एक फरक मोजावा: एक्स्प्रेस पॅडिंग्टनच्या मुख्य फलाटांवरच येते आणि ऑक्सफर्डची गाडी तिथूनच सुटते, तर एलिझाबेथ लाइन जमिनीखाली थांबते आणि वर यावे लागते. लिफ्ट आहेत, पण बॅगांसह त्या शोधण्यात वेळ जातो. पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डची थेट गाडी सुमारे एका तासात पोहोचते.

लंडनला वळसा घालणारी दुसरी वाट जाणकार वापरतात. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने हेज अँड हार्लिंग्टनला उतरायचे, तिथे पश्चिमेकडे जाणारी गाडी पकडून स्लाव किंवा रेडिंगला जायचे आणि तिथून ऑक्सफर्डची गाडी घ्यायची. उलटा फेरा टळतो, परंतु गाडी दोनदा बदलावी लागते आणि नेमके इथेच घोडे पेंड खाते. पाठीवर एक सॅक असलेल्या माणसाला ही वाट उत्तम. दोन मोठ्या बॅगांसह, पहिल्यांदाच, झोप न झालेल्या अवस्थेत ती घेऊ नये. आणखी एक पर्याय म्हणजे हीथ्रो ते रेडिंग स्टेशन ही ‘रेलएअर’ कोचसेवा आणि पुढे अर्ध्या तासाची रेल्वे. रस्त्याची अनिश्चितता आणि गाडी बदलणे हे दोन्ही त्रास त्यात एकत्र येतात, त्यामुळे ऑक्सफर्डसाठी थेट कोच असताना त्याचे कारण उरत नाही.

खर्चाचे सांगायचे तर कोणत्याही गाडीला चालणारे लवचिक तिकीट घेतल्यास रेल्वेच्या दोन टप्प्यांची बेरीज कोचच्या भाड्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त होते. १६ ते २५ वयोगटासाठीच्या रेलकार्डने रेल्वेभाड्यात एकतृतीयांश सवलत मिळते, आणि पूर्णवेळ विद्यार्थी २५ वर्षांहून मोठा असला तरी त्याला ते मिळू शकते. कामाच्या दिवशी पहाटे साडेचार ते सकाळी दहा या वेळेत, जुलै-ऑगस्ट वगळता, त्यावर १२ पौंडांची किमान भाड्याची अट आहे. पुढे वर्षभर लंडनला जाणे-येणे होणार असल्याने हे कार्ड काढण्यासारखे आहेच, पण केवळ पहिल्या प्रवासासाठी त्याचा हिशेब करू नये. उपनगरी प्रवासासाठी लंडनमध्ये चालणारे कार्ड टेकवून पुढे ऑक्सफर्डपर्यंत जाता येईल असेही समजू नये. पुढच्या टप्प्याचे तिकीट वेगळे काढायचे असते.

रेल्वे कोणासाठी खरोखर योग्य? ऑक्सफर्ड स्थानक शहराच्या पश्चिम टोकाला आहे. सईद बिझनेस स्कूल स्थानकासमोरच आहे आणि कॅसल मिल हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे निवासस्थान रुळांच्या शेजारी. तिकडे जाणाऱ्यांना कोचने ग्लॉस्टर ग्रीनला उतरून दहाएक मिनिटे पुढे चालावे लागते, रेल्वेने ते टळते. उलटपक्षी हेडिंग्टनला राहणारा रेल्वेने आला तर त्याला सारे शहर ओलांडून परत पूर्वेला जावे लागते. उत्तरेकडे समरटाउनला राहणाऱ्यांना दोन्हीकडून शेवटी शहरबस किंवा टॅक्सी लागतेच.

गाडी

आधी ठरवलेली गाडी एकट्यासाठी महाग आहे. १०० पौंड किंवा त्याहून अधिक खर्च येईल असे धरावे. तिघांनी वाटून घेतली तर हा आकडा सुसह्य होतो, पण तिघांच्या सहा बॅगा साध्या मोटारीत मावत नाहीत. मोठी गाडी मागवल्याचे लेखी ठरवून घ्यावे. प्रतीक्षेचे शुल्क किती मिनिटांनंतर सुरू होते आणि विमानतळावरील पार्किंगचे पैसे कोण देणार, हेही विचारावे, कारण इमिग्रेशनच्या रांगेत गेलेला तास याच दोन रकमांत दिसतो. हीथ्रोच्या रांगेतली काळी टॅक्सी लंडनबाहेर जाणार असेल तर भाडे निघण्यापूर्वी ठरवावे. आगमन कक्षात जवळ येऊन गाडी हवी का असे विचारणाऱ्यांबरोबर कधीही जाऊ नये: इंग्लंडमध्ये खासगी भाड्याची गाडी आधी नोंदवलेलीच असावी लागते आणि अशी गिऱ्हाइके गोळा करणे बेकायदा आहे.

वयस्कर आईवडील सोबत असतील, कोणाला चालण्याचा त्रास असेल किंवा विमान रात्री उशिरा उतरत असेल, तर मात्र या खर्चाबद्दल हळहळू नये. मध्यरात्रीनंतर रेल्वेचा पर्याय व्यवहारात उरत नाही, आणि कोच चालू असला तरी थांब्यापासून घरापर्यंतचा अंधारातला शेवटचा तुकडा शिल्लक राहतो. महाविद्यालयाच्या पोर्टर्स लॉजमधून, म्हणजे प्रवेशद्वाराजवळच्या कार्यालयातून, किल्ली मिळणार असेल तर ती साधारणपणे कधीही मिळते. खासगी घराची किल्ली एजंटच्या कार्यालयातून घ्यायची असेल तर ते संध्याकाळी बंद होते. विमानाचे तिकीट काढतानाच हा प्रश्न विचारून घेतला, तर महागड्या गाडीची किंवा एका रात्रीच्या हॉटेलची वेळ येत नाही.

माझा सल्ला विचारला तर पहिल्यांदा येणाऱ्या, दोन बॅगा घेतलेल्या एकट्या विद्यार्थ्याने दिवसा कोचने जावे, मग नकाशा रेल्वे दहा मिनिटे लवकर पोहोचेल असे सांगत असला तरी. अपवाद स्थानकाजवळ राहणाऱ्यांचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी हलक्या सामानासह उतरणाऱ्यांचा. त्यांनी पॅडिंग्टनमार्गे एलिझाबेथ लाइन घ्यावी.

परतीच्या वेळी ही गणिते बदलतात. तेव्हा इमिग्रेशनची अनिश्चितता नसते, निघण्याची वेळ आपल्या हातात असते आणि चुकण्यासारखे विमान पुढे असते. त्यामुळे दुपारी चारनंतर निघायचे असेल तर एम २५ वर विसंबण्यापेक्षा रेल्वे बरी, आणि कोचनेच जायचे असेल तर नेहमीच्या वेळेपेक्षा किमान एक तास आधीचा धरावा. पहाटेच्या विमानासाठी मात्र कोचला तोड नाही: त्या वेळी रस्ते मोकळे असतात, रेल्वे सुरू झालेली नसते, आणि हाय स्ट्रीटवरच्या थांब्यावर आणखी चार-पाच जण बॅगा घेऊन उभे असतात.