फुटबॉल मॅनेजरचा डेटाबेस ‘अनलॉक’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

फुटबॉल मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरवर फुटबॉल संघ चालवायचा गेम, खेळणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे जरूर वाचावं. माझ्या भाच्याला या खेळाच्या नादाला लागून नव्हे, तर त्याच्या हौसेचा फायदा घेऊन लुबाडलंय. आणि लुबाडणारा आज नवीन नावाने तीच जाहिरात करतोय.

आम्ही कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की अख्ख्या पेठा तिकडं लोटतात. भाच्याला गेममध्ये हेच संघ हवे होते, खऱ्या जर्सीच्या रंगांसकट. म्हणून त्याने गेमच्या फोल्डरमधली डेटाबेसची, म्हणजे संघ-खेळाडूंच्या माहितीची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर नुसती अगम्य चिन्हं. एका ग्रुपवर विचारलं आणि लगेच एकाचा खासगी मेसेज आला: ‘डेटाबेस प्रोटेक्टेड आहे. हात लावलास तर गेम करप्ट होईल, अकाउंट बॅन होईल. माझ्याकडे अनलॉकर आहे, ८०० रुपये.’

पैसे यूपीआयने गेले. मग पासवर्ड लावलेली झिप फाइल आली. हा पासवर्ड कशासाठी, ते नीट समजून घ्या. कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. पुढची सूचना होती, ‘डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद कर, तो मॉडिंगच्या, म्हणजे गेममध्ये बदल करायच्या टूलना उगाच व्हायरस म्हणतो.’ टूल चालवलं, हिरवी पट्टी भरत गेली, खाली ‘अनलॉक झाले’ अशी अक्षरं उमटली. डेटाबेसमध्ये मात्र काडीचाही फरक नव्हता. त्या पट्टीमागे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज (तुम्ही लॉग-इन केल्याची ब्राउझरमधली खूण) उचलल्या जात होत्या. कुकी हातात आली की पासवर्ड लागतच नाही, ओटीपीही नाही, कारण समोरच्या वेबसाइटच्या लेखी तुम्ही आधीच आत आलेले असता. आधी त्याचा ईमेल गेला, त्यावरून स्टीमचं, म्हणजे जिथून गेम विकत घेतात त्या दुकानाचं अकाउंट गेलं. रात्रीत त्याच्या नावाने मित्रांना तसल्याच टूलच्या लिंक गेल्या, हे त्या पोराला सगळ्यात जास्त लागलं.

संताप याचा येतो, की विकलेली गोष्ट मुळात फुकट मिळते. स्टीमवर गेम विकत घेतलेल्या प्रत्येकाला तिथल्या लायब्ररीत ‘टूल्स’ या विभागात गेम बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एडिटर, म्हणजे माहिती बदलायचं टूल मिळतो. तो मूळ डेटाबेसला हातच लावत नाही. तुम्ही केलेले बदल वेगळ्या एफएमएफ फाइलमध्ये, डॉक्युमेंट्समधल्या ‘एडिटर डेटा’ फोल्डरमध्ये राहतात. नवीन गेम सुरू करताना ती फाइल निवडायची, बस्स. आधीच चालू असलेल्या, सेव्ह केलेल्या खेळात ते बदल येत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. ज्यांना संघ-स्पर्धांची खरी नावं आणण्यासाठी गेमच्या डेटाबेसमधल्या एलएनसी किंवा डीबीसी नावाच्या फायली बदलायच्या असतात, त्यांनी आधी त्या फायलींचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करावा. काही बिघडलंच, तर स्टीममध्ये ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी ऑफ गेम फाइल्स’ चालवलं की मूळ फायली परत येतात. कुणाला एक पैसा द्यायची गरज नाही.

असलं ‘अनलॉकर’ टूल चालवलं गेलं असेल तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट आधी तोडा. पासवर्ड त्याच मशीनवरून बदलू नका, नवीन पासवर्डही चोरीला जाईल. दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉग-आउट करा, मग बाकीची अकाउंट. विंडोज नव्याने टाकून घ्या, नुसता स्कॅन करून समाधान मानू नका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, जितक्या लवकर तितकं बरं. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. मुलं घाबरून चॅट डिलीट करतात, ते करू देऊ नका. त्यांच्यावर ओरडूही नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाहीत.

अकाउंट गेल्याचं भाच्याने त्याच ग्रुपवर लिहिलं, तेव्हा दुसरा एकजण ‘रिकव्हरी करून देतो, १५०० रुपये’ म्हणत आला. तोही भामटाच. अकाउंट परत मिळवायला स्टीम सपोर्ट एक रुपयाही घेत नाही. त्यांना खरेदीचा पुरावा लागतो, म्हणून गेम घेतल्याच्या पावत्यांचे ईमेल जपून ठेवा आणि अर्ज थेट त्यांच्याकडेच करा.