अस्सल भागांचे बनावट घड्याळ : मित्सुकोशी स्पीडमास्टरच्या खरेदीतील फसवणूक

जपानच्या बाजारासाठी मर्यादित संख्येत काढलेली ओमेगाची घड्याळे जुन्या बाजारात घेऊ पाहणाऱ्यांनी, विशेषतः टोकियोत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी, पैसे देण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मित्सुकोशी या जपानी डिपार्टमेंट स्टोअरसाठी ओमेगाने 2003 मध्ये स्पीडमास्टर प्रोफेशनलची फक्त 300 घड्याळे काढली. पांढरी डायल आणि तिच्यात तीन लहान काळ्या डायली हे त्यांचे वैशिष्ट्य. केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, आणि आतील 1861 क्रमांकाचे, रोज चावी द्यावे लागणारे यंत्र मात्र नेहमीच्या काळ्या डायलच्या मूनवॉचचेच (स्पीडमास्टर प्रोफेशनलचे हे रूढ नाव) आहे. फसवणुकीला वाव मिळतो तो इथेच. तशी सुटी डायल हाती लागली की कसबी कारागीर साध्या स्पीडमास्टरचे मित्सुकोशी करून देतो, आणि प्रत्येक भाग ओमेगाचाच असल्यामुळे नकली माल ओळखण्याच्या आपल्या सवयीच्या खुणा कामी येत नाहीत.

मला घड्याळ विकणारे गृहस्थ स्वतःला संग्राहक म्हणवत होते आणि त्यांचे बोलणे अतिशय अदबीचे होते. वॉरंटी कार्ड घर बदलताना हरवले, असे सांगून त्यांनी पेटी आणि त्या स्टोअरची एक पावती पुढे केली. पावतीवर 2003 ची तारीख होती. संदर्भ क्रमांक, म्हणजे मॉडेलचा क्रमांक, किंवा त्या एका घड्याळाचा स्वतःचा अनुक्रमांक मात्र नव्हता. साध्या मूनवॉचच्या दुपटीहून अधिक रक्कम त्यांनी रोख घेतली.

पुढे एकदा दिवा मालवल्यावर डायलवरील खुणा हिरव्या उजळल्या आणि काटे मात्र जवळजवळ दिसेनासे झाले, तेव्हा डायल आणि काटे मुळात एकाच घड्याळाचे नसावेत असा संशय आला. भिंगातून पाहिले तर मागच्या झाकणाच्या खाचांवर अवजार घसरल्याचे ताजे ओरखडे होते. अधिकृत सेवा केंद्राने केसच्या मागील बाजूस, पट्टा जोडतात तिथे कोरलेला अनुक्रमांक तपासला. मित्सुकोशीचा संदर्भ क्रमांक 3570.31 आहे, माझे घड्याळ 3570.50, म्हणजे साधे काळ्या डायलचे, म्हणून नोंदलेले निघाले आणि ते मुळात जपानला पाठवलेलेही नव्हते.

अशी जोडाजोड किरकोळ सौद्यांपुरतीच आहे असे कोणी समजू नये. 2021 मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात 31 लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेलेले जुने स्पीडमास्टर निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेले होते, हे 2023 मध्ये उघड झाले. तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेल्या घड्याळाची ही कथा असेल, तर केवळ फोटो पाहून खात्री देणाऱ्यांवर विसंबणे धोक्याचेच आहे.

जपानमध्ये जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा परवाना लागतो. परवाना क्रमांक आधी मागावा, अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्यावी आणि सेवा केंद्रात तपासणी होईपर्यंत रक्कम देऊ नये. विक्रेता यांपैकी एकाही गोष्टीला नकार देत असेल, तर तो सौदा तिथेच सोडावा. तक्रारीसाठी 188 हा ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. मात्र दोन खाजगी व्यक्तींमधील व्यवहारात त्याचा उपयोग मर्यादितच होतो.

माझे पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. सेवा केंद्राचा अहवाल मी घड्याळाच्या पेटीतच ठेवला आहे, म्हणजे पुढे हे घड्याळ कोणाच्याही हाती गेले तरी ते मित्सुकोशी म्हणून विकले जाणार नाही.